मागचं टायर

आपल्याकडे गाडी घ्यायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "ॲव्हरेज किती देते?" शोरूममधल्या पोराची त्याच उत्तराची तयारी होती. मी मात्र गाडीला एक फेरी मारली, मागच्या चाकापाशी उकिडवा बसलो आणि विचारलं, "हे ट्यूबलेस आहे ना नक्की?"

"हो सर. एकदम खालच्या मॉडेलला स्पोकची चाकं येतात, त्यात ट्यूब. ह्याला अलॉय आहे, ट्यूबलेस." मग जरा थांबून म्हणाला, "सर, इंजिनबद्दल काही?"

इंजिनबद्दल काही नव्हतं. इंजिनाने मला कधीच त्रास दिलेला नाही. माझं जे काही वाकडं आहे ते टायरशी.

तर मंडळी, आमच्या घरी २००६ सालची स्प्लेंडर आहे. टाकीवर 'हीरो होंडा' असं लिहिलेली, म्हणजे नवरा-बायको वेगळे व्हायच्या आधीची. मी तेव्हा तिसरीत होतो. बाबा ती घेऊन आले तेव्हा आईने लिंबू-मिरची बांधली होती आणि मला टाकीवर बसवून सोसायटीभोवती तीन चकरा झाल्या होत्या. पुढे मी इंजिनियरिंगला गेलो, नोकरीला लागलो, आणि एक अलिखित करार झाला : सोमवार ते शुक्रवार मी कंपनीच्या बसने जाणार आणि गाडी बाबांची. शनिवार-रविवार गाडी माझी.

आमच्या टीममधल्या भटक्यांच्या टोळक्यात बाकी सगळ्यांकडे मोठमोठ्या गाड्या. मी एकटा ९७ सीसीवाला. घाटात ते पुढे जाऊन चहा सांगून ठेवायचे आणि माझा ग्लास गार व्हायच्या बेताला मी पोचायचो. पण पोचायचो! माळशेज, कास, ताम्हिणी, आणि २०१९ च्या डिसेंबरात आंबोलीमार्गे थेट गोवा. चौदा तास लागले. उतरलो तेव्हा बसायची जागा आपल्याच शरीराचा भाग आहे की नाही अशी शंका यायला लागली होती, पण गाडीने हूं की चूं केलं नाही.

पंक्चर मात्र झाली. हायवेवर कराडच्या अलीकडे. तिथल्या पंक्चरवाल्याने मला "चहा घेऊन या तोवर" असं फार प्रेमाने सांगितलं आणि परत आलो तर एका खिळ्याची तीन पंक्चरं झालेली! तेव्हापासून मी पंक्चरवाल्यासमोरून हलत नाही. आणि खरं सांगतो, बघण्यासारखं काम आहे ते. दोन लिव्हर घालून टायरची कड रिमबाहेर काढायची, ट्यूब ओढून घ्यायची, हवा भरून पाण्याच्या घमेल्यात हळूहळू फिरवायची. कुठेतरी बुडबुड्यांची बारीक माळ निघते. तिथे खूण करायची, ट्यूब कोरडी करून कानशीने खरवडायची, सोल्यूशन लावायचं... आणि मग थांबायचं. ते ओलं असताना पॅच ठोकला तर पुढच्या गावात परत पंक्चर. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टायरच्या आतून बोटं फिरवून बघायची. खिळा तिथेच असेल तर नव्या पॅचचाही तोच जीव घेतो. हे शेवटचं काम बाबांनी मला दहावीच्या सुट्टीत शिकवलं होतं. "बोटं जपून फिरव, पण फिरव," म्हणून.

आता मुद्द्यावर येतो. इतका वेळ टाळत होतो ते जाणवलं असेलच.

२०२५ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला गाडी सर्व्हिसिंगला दिली होती. आमच्या कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने मागच्या चाकावर हात फिरवला आणि म्हणाला, "साहेब, मागचं टायर टकलू झालंय. पावसाच्या आधी बदलून टाका." टायरच्या खाचांमध्ये मधेमधे एक उंचवटा असतो, बाजूला 'टीडब्ल्यूआय' अशी खूण असते. टायर झिजून त्या उंचवट्याला टेकलं की त्याचं आयुष्य संपलं. आमचा उंचवटा आणि टायर कधीच एकजीव झाले होते.

मी विचारलं, "किती होतील?"

"ट्यूबसकट दोन हजाराच्या आत."

"बरं, पुढच्या महिन्यात बघू."

आता हा 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणणारा माणूस कोण, तर जो त्याच आठवड्यात साडेसहा हजारांचं रायडिंग जॅकेट मागवून बसला होता. कोपरांना पॅड, पाठीला पॅड, आत पावसाचं अस्तर. हँडलला मोबाईलचा माउंट. हापिसात आम्ही असंच करतो. जी चूक गिऱ्हाईकाला दिसत नाही तिचं तिकीट काढायचं, त्याला सगळ्यात खालची प्रायॉरिटी द्यायची आणि दर पंधरवड्याला पुढच्या स्प्रिंटमध्ये ढकलायचं. टायर हे माझं असंच एक तिकीट होतं. जॅकेट फोटोत दिसतं. टायर कुठे दिसतं?

आणि माझा हिशोब असा, की पाऊस जूनमध्ये, म्हणजे महिना आहे हातात. पण त्या वर्षी मान्सूनने हिशोब केला नव्हता. २६ मे लाच तो मुंबईत आणि पुण्यात येऊन थडकला.

जूनमधल्या एका शनिवारी बाबा म्हणाले, श्रीवर्धनला आत्याकडे जाऊन येऊ. मी म्हटलं एसटीने जाऊ. तर म्हणाले, "अरे एसटी कशाला? तू चालव, मी बसतो मागे. मलाही बघू दे तुम्ही लोक काय टूरिंग-टूरिंग करता ते." त्रेसष्ट वर्षांचा माणूस, डोक्यावर हेल्मेट, अंगात जुना खाकी रेनकोट, आणि ताम्हिणीत धबधबे बघून लहान पोरासारखा माझ्या खांद्यावर थापा मारतोय. "थांब थांब, फोटो काढ!" पाच वेळा थांबलो असू. ते खूप खूश होते. हे मला लिहायलाच हवं, कारण पुढचं आठवलं की हे आठवत नाही.

ताम्हिणी संपून विळ्याकडे उतरायला लागलो, तिथल्या एका वळणावर मागचं चाक माशाच्या शेपटीसारखं डावं-उजवं हलायला लागलं. ट्यूबवाल्या टायरचं हेच वाईट. आतली ट्यूब फुग्यासारखी, तिला भोक पडलं की हवा व्हॉल्व्हच्या आणि स्पोकच्या भोकांतून क्षणात बाहेर. ट्यूबलेस टायर थेट रिमला घट्ट बसलेलं असतं, आतल्या बाजूला रबराचा थर असतो, तो घुसलेल्या खिळ्याला आवळून धरतो आणि हवा निवांत, तासातासाने जाते. आमची एका वळणात गेली. अशा वेळी ब्रेक मारायचा नसतो, थ्रॉटल सोडून हँडल सरळ धरायचं असतं, हे मला पाठ होतं. मी ब्रेक मारला.

वेग तिशीच्या आसपास असेल. मी उजवीकडे घसरत गेलो, जॅकेटच्या पॅडांनी आपलं काम चोख केलं. एक ओरखडा नाही. बाबा डाव्या हातावर पडले.

मागून येणाऱ्या टेम्पोवाल्याने गाडी आणि आम्हाला दोघांनाही माणगावला पोचवलं आणि एक पैसा घेतला नाही. डावं मनगट मोडलं होतं. प्लास्टर घालून झाल्यावर आत्येभाऊ येईपर्यंत आम्ही पंक्चरवाल्याच्या बाकड्यावर बसलो होतो. त्याने टायर उतरवलं, आतून बोटं फिरवली आणि माझ्यासमोर धरलं.

"दादा, खिळा-बिळा काही नाही. ही एवढीशी गारगोटी. टायरच संपलंय तुमचं. हे बघा, आतलं कापड दिसतंय."

दिसत होतं. अंगठ्याएवढ्या जागी रबर संपून धागे वर आले होते. बाजूला चार आकडे होते, १८१७. म्हणजे २०१७ सालच्या अठराव्या आठवड्यात बनलेलं. (तुमच्याही टायरवर असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. एकदा खाली जाऊन बघून या.)

बाबा फोनवर आत्याला सांगत होते, "काही नाही गं, गाडी म्हातारी झाली. तो तरी काय करणार? त्याच्यामुळे वाचलो."

मी काही बोललो नाही. तिथे नाही, घरी नाही, आई "विकून टाका ती गाडी आता" म्हणाली तेव्हाही नाही. उलट मानच डोलावली. वीस वर्षं मुकाट्याने धावलेल्या गाडीवर आळ आला आणि तो येऊ दिला, कारण ती काही बोलणार नव्हती.

पुढचं भराभर झालं. २२ सप्टेंबरपासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झाला, बाबांनी ती बातमी कात्रण काढून माझ्या टेबलावर ठेवली, आणि वर स्वतःचे पन्नास हजार. "पैशासाठी हलकी गाडी घेऊ नकोस. टायर-बियर चांगलं असलेली घे." दसऱ्याला, २ ऑक्टोबरला, हंटर घरी आली. झेंडूचा हार, लिंबू-मिरची, सगळं साग्रसंगीत. बाबांनी उजव्या हाताने नारळ फोडला. मागे १४० मिलिमीटर रुंदीचं टायर. स्प्लेंडरचं पावणेतीन इंच, म्हणजे ह्याच्या निम्मं.

नोव्हेंबरात एकदा हिंजवडीत पार्किंगमध्ये गाडी काढताना मागच्या टायरमध्ये स्क्रू दिसला. कधी घुसला देव जाणे. हवा बत्तीसची सव्वीस झाली होती, बस. पंक्चरवाल्याने चाक न उतरवता स्क्रू उपटला, भोक कानशीने साफ केलं, टोचणीने चिकट पट्टी आत खुपसली, उरलेलं शेपूट कापलं. दहा मिनिटं. मित्र म्हणाला, "बघ, बरं झालं ना ते खटारं काढलं?" मी हो म्हटलं आणि दिवसभर कोडमध्ये लक्ष लागलं नाही.

हवा भरलेलं टायर डनलॉप नावाच्या माणसाने १८८८ च्या सुमारास बनवलं ते पोराच्या तीनचाकीला गचके बसू नयेत म्हणून. बापाने पोरासाठी. आमच्याकडे काय झालं ते वर लिहिलंच आहे. असो.

डिसेंबरात एक गिऱ्हाईक स्प्लेंडर बघायला यायचं होतं. बारा हजार म्हणत होता. आदल्या दिवशी मी खाली गेलो, धूळ पुसली, चोक ओढला. सहा महिने कोपऱ्यात उभी असलेली गाडी तिसऱ्या किकला सुरू झाली. आयडलिंग घड्याळासारखं. माणगावला घातलेल्या नव्या ट्यूबवर तेच टकलू टायर. मी ती ढकलत कोपऱ्यावर नेली आणि पुढचं-मागचं दोन्ही टायर बदलून आणली. मेकॅनिकने मला काही विचारलं नाही. मेमधलं बोलणं त्याला आठवत असावं, कारण बिल देताना माझ्याकडे बघितलंही नाही.

बिल बाबांच्या हाती लागलं. "हे काय? विकायच्या गाडीला नवी टायरं?"

मग मी सांगितलं. मे महिना, टकलू, दोन हजार, जॅकेट, सगळं. उभ्याउभ्याच सांगितलं.

बाबा बराच वेळ बिलाकडे बघत होते. "मेमध्येच सांगितलं होतं त्याने?"

"हो."

"मग मला सांगायचंस. मी टाकलं असतं बदलून." एवढंच. पेपर उचलला आणि वाचायला लागले. दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलले. रागावले असते तर बरं झालं असतं. आईला त्यांनी अजून काही सांगितलेलं नाही, मीही सांगितलेलं नाही.

गिऱ्हाइकाला त्यांनीच फोन करून नको म्हणून सांगितलं. आता रोज सकाळी खाली जाऊन ते गाडी पाच मिनिटं सुरू ठेवतात. चालवत नाहीत. डावं मनगट अजून पूर्ण वळत नाही, क्लच अर्धाच दाबला जातो. फिजिओथेरपीवाली हातात स्पंजचा बॉल देते, त्याऐवजी हे पार्किंगमध्ये उभं राहून क्लचची दांडी दाबत बसतात. मी बाल्कनीतून मोजतो. परवा अकरा वेळा झाली.

पुढच्या शनिवारी श्रीवर्धनला जायचं ठरलंय. तेव्हाचं राहिलेलं. पंप, जास्तीची ट्यूब, लिव्हर, पट्ट्यांचा डबा, सगळा सरंजाम काढून ठेवलाय. एका गाडीला लागणारा अर्धा आणि दुसरीला लागणारा अर्धा, कारण कुठली न्यायची ते अजून ठरत नाहीये. बाबांचं म्हणणं, नव्या गाडीची मागची सीट फारच आखूड आहे.