कामकरणींचा कौल

राणी गेलेली मधपेटी उघडण्याआधीच कानाला कळते. झाकणावर टिचकी मारली की भरली वसाहत एकदा गुंजून गप्प होते; पोरकी वसाहत बराच वेळ घोंघावत राहते. राणीच्या अंगचा गंध कामकरी माश्या एकमेकींच्या स्पर्शातून पेटीभर पोचवत असतात. तो आटला की काही तासांतच घराला कळतं.

मग कामकरणी कोवळ्या अळ्या निवडतात, त्यांना भरपूर रॉयल जेली भरवतात आणि राणी घडवू लागतात. अंड्यापासून राणी बाहेर पडेपर्यंत १६ दिवस. कोवळी अळीच उरली नसेल, तर पुढे कामकरणीच अंडी घालू लागतात. त्यांतून निपजतात ते फक्त नर, आणि वसाहत विझत जाते.

रायपूरच्या शिवारात मोहरी आणि लाखोळी फुलावर असते तेव्हा मी नवी राणी देते. घरात मकरंद येत असला की माश्यांचा राग कमी असतो. त्यांनी बांधलेली राणीघरं आधी मोडावी लागतात. तेव्हा हात जड होतो. राणीचा पिंजरा दोन चौकटींच्या मध्ये बसवायचा, त्याच्या तोंडाशी पिठीसाखर-मधाचा घट्ट गोळा. पेटीतल्या माश्या तो बाहेरून कुरतडत जातात. तीन-चार दिवसांत वाट मोकळी होते, तोवर राणीचा गंध घरभर मुरलेला असतो. घाई करून तिला तशीच सोडली, तर माश्या तिच्याभोवती गोळा होऊन उष्णतेने आणि नांग्यांनी तिला मारतात. या साऱ्या खटाटोपात मला तो गोळाच मोलाचा वाटतो. दार उघडायचं ते त्यांनी.

माझ्या पेट्यांतल्या मेलिफेरा माश्यांचं भारतातलं बस्तानही याच वाटेने बसलं. आधीचे प्रयत्न फसले होते. १९६२पासून कांगड्यातल्या नगरोट्याला ए. एस. अटवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परदेशी राण्या आपल्या सातेरी माश्यांच्या वसाहतींत दिल्या. जात वेगळी, अंगाने मोठी; तरी सातेरीच्या कामकरणींनी तिला भरवलं, तिच्या लेकी वाढवल्या.

माणसांच्या राज्यात एवढी मुभा नव्हती. एकोणिसाव्या शतकात रायपूर नागपूरकर भोसल्यांच्या मुलखात होतं. १८५३ साली तिसरे रघूजी पुत्राविना वारले. घराण्याने यशवंतरावांना दत्तक घेतलं. इंग्रज गव्हर्नर जनरल डलहौसीने ते मानलं नाही आणि १८५४ साली छत्तीसगडासह सारं राज्य खालसा झालं. घरच्यांची पसंती कोणी जमेस धरली नाही. पेटीशी उभी असताना मला हे आठवतं, कारण इथे बाहेरचा हात माझा असतो.

म्हणून पिंजरा बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी मी फक्त त्याची जाळी पाहते. माश्या सैल बसून जाळीतून सोंड आत घालत असतील, तर त्या तिला भरवताहेत. जाळीला घट्ट बिलगून चावत असतील, बोटाने सारूनही हलत नसतील, तर अजून थांबायचं. तरीही राग निवळला नाही, तर राणी मी परत काढून घेते आणि शेजारच्या पेटीतली ताज्या अंड्यांची चौकट त्यांना देते. त्यांची राणी मग त्याच वाढवतात.