विजयाचं तेल आणि इम्युनिटी

“डॉक्टर, इम्युनिटीसाठी विजयाचं तेल सुरू केलंय.” हे वाक्य हल्ली माझ्या कानावर अधूनमधून येतं. विजया म्हणजे भांग-गांजाचं झाड. बाटलीवर ‘आयुर्वेदिक औषध’ लिहिलेलं असतं, त्यामुळे चालू औषधांमध्ये ते सांगायचं कुणाच्या मनातही येत नाही. मी खोदून विचारते तेव्हा कळतं.

गांजातला नशा आणणारा घटक म्हणजे टीएचसी. राफेल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी तो १९६४ साली इस्रायलमध्ये शुद्ध स्वरूपात वेगळा केला. तो मेंदूतल्या सीबी-१ रिसेप्टरला चिकटतो, म्हणून झिंग येते. १९९३ मध्ये दुसरा रिसेप्टर सापडला, सीबी-२. तो मुख्यतः प्रतिकारशक्तीच्या पेशींवर असतो : बी पेशी, एनके पेशी, मॅक्रोफेज. रिसेप्टर म्हणजे पेशीच्या दारावरची बेल समजा. आपलं शरीर स्वतःही गांजासारखी रसायनं बनवतं आणि दाह आटोक्यात ठेवायला ही बेल वाजवतं. टीएचसी तीच बेल वाजवतो. प्रयोगशाळेत मग टी पेशींची वाढ मंदावते, दाह वाढवणारे सायटोकाइन कमी होतात. सीबीडी या बेलला फारसा हात लावत नाही, पण वेगळ्या वाटेने टी पेशींना तोही थंड करतो.

थोडक्यात, तुम्ही वाढवायला घेताय आणि ते शांत करतंय! प्रयोगांतले डोस बरेचदा मोठे असतात, त्यामुळे धडधाकट माणसाने दोन थेंब घेतले की तो आजारी पडेल, असं मी म्हणणार नाही. माझी काळजी वेगळ्या पेशंटची आहे.

कॅन्सरसाठी निवोलुमॅबसारखी इम्युनोथेरपी चालू असेल, तर त्या महागड्या इंजेक्शनचं सगळं काम टी पेशींचा ब्रेक काढण्याचं असतं. इस्रायलमधल्या १४० पेशंटच्या नोंदी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाल्या. नुसत्या निवोलुमॅबवर ३७.५ टक्के पेशंटच्या गाठी आकसल्या, सोबत गांजा घेणाऱ्यांत १५.९ टक्के. आयुर्मानात मात्र ठळक फरक दिसला नाही. शिवाय या जुन्या नोंदी आहेत. गांजा घेणारे मुळातच जास्त आजारी असू शकतात. पुरावा कच्चा आहे, हे मला मान्य आहे. तरीही माझ्या घरातलं कुणी या इंजेक्शनवर असतं, तर मी हे तेल घरात ठेवलं नसतं.

किडनी बदललेल्यांचा धोका अधिक सरळ आहे. टॅक्रोलिमसचा निचरा करणाऱ्या यकृतातल्या एन्झाइमला सीबीडी अडवतो. रक्तातलं टॅक्रोलिमस वाढतं आणि नवीन किडनीलाच इजा होऊ शकते. आणि अशा पेशंटनी गांजा ओढणं तर नकोच : त्यात अ‍ॅस्परजिलस बुरशी असू शकते, ती थेट फुप्फुसात जाते.

तेव्हा पुढच्या वेळी बाटली पिशवीत टाकून आणा. टीएचसी किती, सीबीडी किती, ते लेबलवर बघू. रागावणार नाही. भूक लागत नाही किंवा मळमळतं म्हणून घेत असाल तर तसं सांगा, त्यावर दुसरी औषधं आहेत.