चोपड्यांचा माळा आणि भरलेली टपालपेटी

धाराशिवच्या मार्केट यार्डातील एका जुन्या आडत पेढीवर लातूरच्या डाळमिलमालकांचा फोन आला, "शेठजी, आमची तिन्ही पत्रे परत आली." तुरीची आवक ऐन भरात होती आणि पेढीची ई-मेलची पेटी काठोकाठ भरल्याने सर्व्हरने नवे टपाल घेणेच थांबवले होते. सौदा फोनमुळे वाचला. पण पेटीचा प्रश्न उरला.

"बाबा, पाच वर्षांपूर्वीचे सगळे पुसून टाकू," थोरला मुलगा म्हणाला. शेठजींचे मन तयार होईना. माळ्यावर दिवंगत अण्णांच्या लाल कापडी बांधणीच्या चोपड्या होत्या. रोजमेळ वेगळा, खतावणी वेगळी, दर दिवाळीला नवी चोपडी. ई-मेलच्या पेटीत मात्र सोळा वर्षांचा सारा व्यवहार एकाच ढिगात पडला होता. काय जपायचे, हे कुणी ठरवलेच नव्हते.

करसल्लागारांनी सावध केले. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. २०२३-२४ च्या विवरणपत्राची मुदत ३१ डिसेंबर २०२४ होती. म्हणजे ती कागदपत्रे ३१ डिसेंबर २०३० पर्यंत हवीत. अपील चालू असेल तर त्याहूनही अधिक काळ. सरसकट पाच वर्षांची कात्री चालणार नव्हती.

मग काम क्रमाने सुरू झाले. पत्रे आकारानुसार लावताच दिसले की, भार मजकुराचा नव्हे, जोडलेल्या फाइलींचा आहे. मालाची छायाचित्रे आणि तीच बिले चार-चार वेळा आलेली. ई-मेलने पाठवताना फाइलीचे अक्षरांत रूपांतर होते व तिचा आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो, हेही तेव्हाच कळले. वर्षवार प्रती दोन वेगळ्या डिस्कवर घेतल्या. एक पेढीवर, एक घरी. प्रती उघडून तपासल्यावरच मूळ पत्रे काढली आणि कचरापेटीही रिकामी केली. त्याशिवाय जागा मोकळी होत नाही.

तिसऱ्या रात्री मुलाचा हात एका पत्रावर थांबला. अण्णांनी रोमन अक्षरांत लिहिलेल्या मराठीतील दोन ओळी होत्या. सौद्यानंतर तुरीचा भाव चढला होता, आणि खरेदीदाराला त्यांनी कळवले होते, "बोललेल्या भावानेच माल येईल. काळजी नसावी."

कायद्याच्या दृष्टीने त्या पत्राची मुदत केव्हाच संपली होती. आकार तर नगण्यच. मुलाने ते कागदावर छापले, माळ्यावर गेला आणि अण्णांच्या त्या वर्षीच्या चोपडीत, सौद्याच्या नोंदीशेजारी ठेवून आला.

आता दर दिवाळीला नव्या चोपडीबरोबर ई-मेलच्या पेटीतही नव्या वर्षाचा कप्पा उघडला जातो.