पाण्याची उंची

22 जुलै 2021 ला वाशिष्ठी आणि शिव या दोन्ही नद्या चिपळूणच्या बाजारपेठेत शिरल्या. सह्याद्रीवरचा पाऊस, कोयनेच्या वीजकेंद्रांतून वाशिष्ठीत उतरणारं पाणी आणि खाडीची भरती, या तिन्हींचा हिशेब इथल्या माणसाला तोंडपाठ असतो. तरीही त्या दिवशी दुकानांची शटरं बुडाली. पाणी ओसरलं आणि दारोदार चिखलाने माखलेल्या सामानाचे ढीग लागले. मी भिंतींवर चित्रं काढतो. भिंतीवरच्या कामासाठी त्या ढिगांतून सामान निवडू लागलो ते मालकाला विचारूनच. दारात पडलेलं सगळंच टाकलेलं नसतं. काही नुसतं वाळत घातलेलं असतं.

पुरातून काय तगलं ते हात लावला की कळतं. प्लायवूड फुगून त्याचे पापुद्रे सुटतात. जुनं सागवान मात्र धुऊन सावलीत वाळवलं की पुन्हा रंधा धरतं. माझा जीव शटरच्या पट्ट्यांवर. एका पट्टीची दुमड दुसरीत अडकते आणि गाळ नेमका तिथेच बसतो. वरून पट्टी लख्ख दिसते, पण सळईने खरवडली की पिठासारखा बारीक गाळ निघतच राहतो. तो आत राहिला तर ओल धरतो आणि कोकणच्या हवेत पत्रा आतून खातो. म्हणून आधी खरवडणं, मग तारेचा ब्रश, कडकडीत ऊन आणि रेड ऑक्साइडचा हात. पोचे मात्र मी ठोकून काढत नाही. शटर कुठून दाबलं गेलं ते त्यांच्यावरून समजतं.

अशा सामानाचा मोर केला तर लोक हौसेने फोटो काढतील. पण माझ्या मते या कामाने पाण्याची उंची सांगितली पाहिजे. सरकारी नकाशावर पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा असते, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. पाणी आपल्या कितव्या फळीपर्यंत चढेल, ते या रेषांवरून दुकानदाराला उमगत नाही.

मी विचारतो, "काका, पाणी कुठवर होतं?" काका दोनदा हात वर करतात: एकदा 2005 च्या पुरासाठी, एकदा 2021 च्या. भिंतीवर 2005 च्या उंचीला मी मंगलोरी कौलांचे तुकडे बसवतो, 2021 च्या उंचीवर शटरच्या पट्ट्या. जांभ्याच्या भिंतीत भोक पाडलं की कड भुसभुशीत होते, म्हणून सगळा भार जमिनीवर उभ्या केलेल्या लोखंडी चौकटीवर घेतो.

पुरानंतर गावात आलेल्या एका भाडेकरूने गाळा घेण्याआधी वर बघितलं आणि मालकाला विचारलं, "माळा त्या पट्ट्यांच्या वर आहे ना?" प्रत्येक आळीत अशी एक खूण हवी, आणि ती त्याच आळीतल्या सामानाची हवी. म्हणजे ती खरी की खोटी, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना स्वतः पडताळता येईल.