पोचपावतीवाचून

पोचपावतीवर माझी फार श्रद्धा आहे. शाळेतल्या साध्या नोटिशीवरसुद्धा सगळ्यांच्या सह्या झाल्याखेरीज मी ती फायलीला लावीत नाही. तेव्हा पावती मागायचीच नाही, असा एक पत्रव्यवहार आमच्या घरात सुरू झाला, त्या वेळी मी नाक मुरडले हे सांगायला नकोच. हा पत्रव्यवहार चालतो आत्याच्या हातातला मोबाईल आणि टेबलावरचा संगणक यांच्यात.

आत्याने सत्तरी ओलांडली आहे. तिचा मिरजेचा तंबोरा तिच्या लग्नाच्याही आधीचा. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. गळा तेवढा राहिला. पण दुसऱ्याने छेडलेला तंबोरा तिला चालत नाही, आणि बाजारातल्या तयार यंत्राविषयी तर, "ते आपलंच म्हणत बसतं, माझं ऐकत नाही," अशी तिची तक्रार. तिने गाणेच सोडले.

मग माझ्या पुतण्याने संगणकावर, मिलर पकेट यांनी रचलेल्या 'प्युअर डेटा' या प्रोग्रॅममध्ये, तंबोऱ्याच्या चार तारा बसवल्या. मोबाईलवरच्या ॲपमध्ये तीन सरकपट्ट्या मांडल्या : स्वर, लय आणि जवारी. डाव्या अंगठ्याने पट्टी सरकवली, की तिचा आकडा घरातल्या वायफायवरून संगणकाकडे धावतो. आयपी पत्ता म्हणजे घर, पोर्ट म्हणजे त्या घराचे दार. निरोपाची भाषा 'ओपन साउंड कंट्रोल', १९९७ साली बर्कलीच्या विद्यापीठात जन्मलेली. १९८३ च्या जुन्या 'मिडी'त साध्या पट्टीला पायऱ्या १२८च. आत्याला हवी असलेली श्रुती नेमकी दोन पायऱ्यांच्या मध्ये अडकायची. नव्या भाषेत आकडा दशांशात जातो. शिवाय निरोपातले प्रत्येक नाव मागे शून्ये जोडून चाराने भागेल एवढे लांब करतात. इतकी शिस्त मला आमच्या नववीच्या वह्यांत कधी आढळली नाही!

हे निरोप नेणारा टपालवाला म्हणजे 'यूडीपी'. जॉन पोस्टेल यांनी १९८० साली त्याचे नियम अवघ्या तीन पानांत लिहिले. निरोप पोचला का, हे तो विचारीत नाही. हरवला तर पुन्हा आणीत नाही. मी म्हटले, "हा कसला कारभार?"

आत्या हसली. "अरे, मात्रा चुकली तर पुढची धरता येते. मागची मात्रा उशिरा येऊन दारात उभी राहिली, तर तिचं काय करू?"

पावती घेणारा दुसरा टपालवाला आहे. पण हरवलेला आकडा परत आणीपर्यंत तो मागचे सगळे आकडे अडवून धरतो. सरकपट्टीचे तसे नसते. एक आकडा गळला, तर अंगठ्याबरोबर पुढचा येतोच.

'थांब' या निरोपाची गोष्ट मात्र वेगळी. तो एकदाच जातो. एका रात्री तो वाटेतच हरवला आणि आत्या झोपली तरी तंबोरा गुणगुणत राहिला. तेव्हापासून संगणक उलट निरोप धाडतो आणि मोबाईलवरचा दिवा विझतो. विझेपर्यंत 'थांब' पुन्हा पुन्हा जात राहते. एवढी एक पावती घरात आली, यावर मी समाधान मानले.

ललितापंचमीच्या पहाटे आत्याच्या खोलीतून तंबोरा ऐकू आला. पाऊण तास ती नुसती जवारीच लावीत होती. मग तिने षड्ज लावला. तो हलला. तिने पट्टी केसभर मागे घेतली आणि पुन्हा लावला.