तीन पाऊस

आठवीच्या निबंधात मी लिहिलं होतं, ‘दादा मुंबईला गेला त्याला तीन पाऊस झाले.’ वही परत आली तेव्हा ‘पाऊस’भोवती लाल गोळा आणि शेजारी ‘पावसाळे!’. वाक्य वर्गात मोठ्यानं वाचलं गेलं. पोरं हसली. ते बोलणं माझ्या आजीचं होतं. त्या दिवशी मला तिची लाज वाटली, ते अजून सलतं.

मराठीच्या बाई नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. त्यांच्या कानावर हे गेलं आणि त्यांनी घरी बोलावलं. कपाटातून कृ. पां. कुलकर्णींचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ काढला, १९४६ सालचा, पुठ्ठा सुतळीनं बांधलेला. पानं सादळून चिकटली होती. पट्टीची कड आत सारून बाई एकेक पान अलगद सोडवत होत्या.

‘प्रावृष्’ म्हणजे संस्कृतात पावसाळा. ‘वृष्’ म्हणजे बरसणं, त्याआधी ‘प्र’. प्राकृतात त्याचं ‘पाउस’ झालं, अर्थ ऋतूचाच राहिला. पुढे मराठीत ऋतूचं नाव पडणाऱ्या पाण्यालाच लागलं. मग ऋतूसाठी ‘काळ’ जोडून पावसाळा म्हणावं लागलं, उन्हाळा-हिवाळ्यासारखं. संस्कृतातला तो शब्द स्त्रीलिंगी. प्राकृतात प्रावृष् आणि शरद् पुल्लिंगी होतात, असं सूत्रच हेमचंद्रानं बाराव्या शतकात आपल्या व्याकरणात घातलंय. आपला ‘तो पाऊस’ तेव्हापासूनचा, किंबहुना त्याच्याही आधीचा. मी मनातल्या मनात ‘ती पाऊस’ म्हणून पाहिलं, जीभ अडखळली.

कोश मिटून बाई म्हणाल्या, “तुझी आजी चुकत नाही रे. ती जुनं बोलते.”

घरी आलो तर आजी गळक्या कौलाखालची पातेली सरकवत होती. मी सगळं सांगितलं. लाज वाटल्याचं तेवढं गिळलं.

“एवढ्या मोठ्या बुकात माझा शबूद?” ती म्हणाली. पुढच्या बाजाराला तिनं बाईंसाठी मापटंभर पोहे बांधून दिले, घरच्या भाताचे.

शब्दांच्या नादानं मी पुढे जे काही शिकलो, ते त्या दोघींच्या पदरचं. आजीला ते कधी सांगितलं नाही. बाईंना सांगितलं, तेव्हा त्यांनी तो कोशच माझ्या हाती ठेवला.

जून लागला की त्याची पानं अजून चिकटतात. मी पट्टी शोधतो.