मेंदूची हजेरी

मुलांनो, ऐकू येते की नाही, हे तुम्ही सांगू शकता. पण तान्हे बाळ कसे सांगणार? आपल्याकडे बाळाच्या पाठीमागे थाळी वाजवून पाहतात. बाळाने मान वळवली की सगळे निश्चिंत! माझा भाचाही थाळीकडे वळायचा, पण हाक मारली तर बघायचा नाही. कदाचित त्याला थाळी वाजवणाऱ्याची सावली दिसत असेल, किंवा फरशीचा हादरा जाणवत असेल. त्याची अम्मी, म्हणजे माझी आपा, बेचैन होती. तो आठ महिन्यांचा असताना आम्ही मुदखेडहून मुंबई गाठली.

वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे. अली यावर जंग हैदराबादचे. १९७० ते १९७६ या काळात ते महाराष्ट्राचे राज्यपाल होते. १९८३ साली स्थापन झालेल्या या संस्थेत ऐकण्याच्या व बोलण्याच्या दोषांवर काम चालते. तिथे भाच्याची ‘बेरा’ नावाची तपासणी झाली.

या तपासणीत बाळाने फक्त झोपायचे असते. (तेच सर्वांत कठीण!) कपाळावर आणि कानांमागे छोटे इलेक्ट्रोड चिकटवतात. कानात ‘टक् टक्’ असा आवाज सोडतात. आवाज कानातून मेंदूकडे निघाला, की वाटेत विजेच्या बारीक लहरी उठतात. सेकंदाच्या शंभराव्या भागात हे सारे घडते. या लहरी एका मायक्रोव्होल्टपेक्षाही लहान असतात. भिंतीवरच्या घड्याळातला सेल दीड व्होल्टचा, म्हणजे १५ लाख मायक्रोव्होल्टचा! शिवाय मेंदूत इतर वीजही सतत खेळत असते आणि ती याहून कितीतरी मोठी. मग ही लहर सापडते कशी?

वर्गातला गोंगाट आठवा. मी घंटेचा ठोका देते आणि दर ठोक्यानंतर एक मुलगा अगदी हळू ‘हजर’ म्हणतो. एकदा ऐकून काही कळणार नाही. पण हजार ठोके दिले, प्रत्येक वेळचा आवाज नोंदवला आणि त्या नोंदींची सरासरी काढली तर? गोंगाट दर वेळी वेगळा, म्हणून तो विरत जातो. ‘हजर’ मात्र दर वेळी त्याच जागी येते, म्हणून उठून दिसते. यंत्र हेच करते. गणितातली सरासरी अशीही उपयोगी पडते! अमेरिकेत ज्युएट आणि विलिस्टन यांनी १९७१ साली या लहरींचे सविस्तर वर्णन केले.

मग आवाज कमी कमी करत जातात आणि लहर कुठपर्यंत उमटते ते पाहतात. भाच्याच्या कागदावर फक्त खूप मोठ्या आवाजाला लहर उमटली. बाकी रेषा सरळ. आपा बराच वेळ त्या रेषेकडे पाहत राहिली.

बाळाची पहिली तपासणी १ महिन्याच्या आत, निदान ३ महिन्यांच्या आत आणि उपचार ६ महिन्यांच्या आत व्हावेत, असे तज्ज्ञ सांगतात. मेंदू भाषा शिकायला लागतो तो याच दिवसांत. थाळीच्या परीक्षेत नेमके हेच महिने निघून जातात.

लहर उमटली म्हणजे आवाज मेंदूच्या दारापर्यंत पोचला, एवढेच. शब्दाचा अर्थ पुढे शिकावा लागतो. भाच्याच्या दोन्ही कानांत आता श्रवणयंत्रे आहेत. आपा दिवसभर त्याच्याशी बोलते. पेला दाखवून ‘पानी’ म्हणते, दारातला गुलाब दाखवून ‘फूल’ म्हणते. शेजारच्या बायका हसतात. हसू देत.